घोडे पेंड खाते कुठे?

स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडे लेख मागितला जातो आणि दरवर्षी मी बंगळूरच्या मराठी इतिहासावर काहीतरी लिहून देतो. शहाजीराजे झाले, एकोजीराजे झाले, मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळातला १६६९ चा शिलालेखही झाला. यंदा कार्यकारिणीच्या बैठकीत विसर्जन मिरवणुकीत पुन्हा एकदा घोडा आणावा अशी सूचना आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, म्हणून दोघातिघांनी नंतर कारण विचारले. ते कारण बैठकीत दोन मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते. म्हणून यंदाचा लेख घोड्यावर, आणि त्यातही घोड्याच्या सणासुदीच्या खाण्यावर.

जुन्या सभासदांना २००६ ची मिरवणूक आठवत असेल. आपण एक पांढरा घोडा भाड्याने आणला होता आणि एका सभासदाच्या मुलाला शिवाजी महाराजांच्या वेषात त्यावर बसवले होते. घोडा देखणा आणि स्वभावाने गरीब. दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत तो आपल्याबरोबर होता. मिरवणूक जिथे थांबे तिथे बायका त्याला ओवाळत आणि काही ना काही भरवत. कोणी उकडीचे मोदक दिले, कोणी रव्याचे लाडू, कोणी अख्खे सफरचंद, तर कोणी प्रसादाची कोरडी हरभरा डाळ. मुलांनी तर चॉकलेटेही दिली. घोडेवाला दोनदा "बस साब, बस" म्हणाला. आम्हाला वाटले, भिडस्त माणूस आहे. त्यातले दोन मोदक माझ्या हातचे होते.

रात्री अकराच्या सुमारास हलसूर तलावाजवळून फोन आला. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरत होता, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होता, घामाने निथळत होता आणि सारखा आडवा पडून लोळू पाहत होता. घोडेवाला आणि त्याचा मुलगा त्याला पडू न देता फिरवत होते. आम्ही चौघे गेलो. आमच्यातला एक जण म्हणाला, "पोटात जास्त झाले असेल, ओकून टाकेल, बरे वाटेल." तेव्हा घोडेवाला शांतपणे म्हणाला, "साब, घोड़ा उल्टी नहीं कर सकता. जो अंदर गया सो गया."

वयाची पन्नाशी उलटलेला आणि शिवकालावर भाषणे देणारा मी, मला ही गोष्ट तोपर्यंत ठाऊक नव्हती.

पोळ्याचा बैल आणि मिरवणुकीचा घोडा

आपली चूक नेमकी कुठे झाली? मराठी भाषेत अडचणीचे मूळ विचारायचे असेल तर आपण म्हणतो, "घोडे पेंड खाते कुठे?" इथे म्हणीतला घोडा आणि खरा घोडा एकाच जागी येऊन उभे राहिले आहेत.

आपण बहुतेक जण शेतकरी घरांतून आलो. जनावराचा सण म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पोळा उभा राहतो. बैलाला आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल आणि तोंडात पुरणपोळी. जनावराचे उपकार फेडायचे ते त्याला आपले पक्वान्न भरवून, हे आपल्या अंगात मुरले आहे. आता बैलाचेही अतिरेकाने बिघडतेच. पण बैल रवंथ करणारा प्राणी आहे. खाल्लेले तो पुन्हा तोंडात आणतो, चावतो, चार कप्प्यांच्या पोटात मुरवतो. घोड्याचा कारभार वेगळा आहे.

त्या रात्री आलेल्या पशुवैद्यांनी नंतर मला जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. घोड्याचे वजन चारशे किलो असले तरी त्याचे जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की एकदा आत गेलेले उलट येत नाही. निसर्गाने हा प्राणी दिवसभर थोडे थोडे गवत खाण्यासाठी घडवला आहे. गवताचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात होते. तिथे असंख्य सूक्ष्म जिवाणू चोथा कुजवून त्यातून शक्ती काढतात. हे जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. अचानक पीठ, साखर, गूळ यांचा लोंढा आला तर तो लहान आतड्यात पुरता न पचता मागे जातो आणि तिथे झपाट्याने आंबतो. वायू धरतो, आम्ल वाढते, गवतावर जगणारे जिवाणू मरतात. पहिला परिणाम पोटशूळ. दुसरा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि तो अधिक वाईट. खुराच्या आत जो नाजूक थर हाडाला धरून ठेवतो, त्याला सूज येते. घोड्याला पाऊल टेकवत नाही.

गहू-तांदळाच्या पिठाचा गोळा आणि वरून गुळाचे सारण, म्हणजे आपला मोदक, घोड्याच्या पोटाच्या दृष्टीने याहून वाईट पदार्थ शोधून सापडायचा नाही.

पागेची भाषा

हे ज्ञान आपल्या पूर्वजांना नव्हते असे मात्र नाही. उलट मराठी भाषेतला घोड्याच्या खाण्याचा शब्दसंग्रह पाहिला की ते किती बारकाईने बघत होते हे कळते. घोड्याचे दाणे म्हणजे चंदी. ती ज्या पिशवीतून तोंडाला बांधून देतात तो तोबरा. वाळलेला चारा म्हणजे वैरण. घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार, त्याचे अंग घासणे म्हणजे खरारा, आणि सगळ्यांचा मिळून तळ म्हणजे पागा. चंदी हा शब्द मला फार बोलका वाटतो. ती नेमून दिलेली असते. मायेने ओंजळभर जास्त घातली तर ती चंदी राहत नाही.

सभासदाने आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टींना स्वतंत्र माणूस. पावसाळ्यात लष्कर छावणीला येई, तेव्हा घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेले निवारे तयार ठेवले जात. दसरा झाला की लष्कर बाहेर पडे.

महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ हलवर्ण येथे मुक्कामाला असलेल्या लष्कराला पाठवलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाने ते प्रसिद्ध आहे. पण ते मुळात घोड्यांच्या खाण्याविषयीचे पत्र आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. त्याचा आशय असा. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा आणि गवत कष्टाने जमवले आहे. ते आहे तोवर मनास येईल तसे उधळाल तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. गवताच्या गंजीजवळ आगट्या-दिवे ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत तपशील त्यात आहे. छत्रपती होऊ घातलेला माणूस घोड्याच्या चाऱ्याची इतकी काळजी करतो, याचे कारण उघड आहे. घोड्याचे पोट बिघडले की राज्याचे पाय जातात.

आपल्या बंगळूरशी या पागांचा संबंध जवळचा. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे १६८७ मध्ये एकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना देण्याचे ठरवेपर्यंत इथे मराठी घोडदळाचा वावर होता. शहाजीराजांचा अंतही घोड्यावरच झाला. १६६४ मध्ये शिकारीत घोडा अडखळला आणि ते पडले. चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे त्यांची समाधी आहे. मराठे गेले तरी आपला 'शिलेदार' हा शब्द कानडी मुलखात राहिला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणाऱ्या म्हैसूरच्या स्वारांना पुढे इंग्रजी अमदानीतही सिल्लेदारच म्हणत. त्या शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची नोकरी जाई. घोडा सरकारचा नसून स्वतःचा, हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

इथल्या मातीतला घोड्याचा दाणा म्हणजे हुलगा, कानडीत हुरळी. इंग्रजांनी त्याचे नावच हॉर्सग्राम ठेवले. दक्षिणेत तो भिजवून किंवा उकडून देत. कोरडे कडधान्य घशात फुगून अडकू शकते, म्हणून ही काळजी. आपण मात्र प्रसादाची कोरडी डाळ ओंजळीने घातली.

खिचडी, साखर आणि लोणी

आता इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पूर्वजांचे नुसते कौतुक होईल. माणसाचे अन्न घोड्याला भरवण्याची हौस आपल्या देशात जुनी आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर आला. तिथल्या राजांनी अरबस्तानातून आणि इराणी आखातातून समुद्रमार्गे प्रचंड खर्चाने आणलेले घोडे पाहून तो थक्क झाला. पण हे घोडे वर्षभरात पटापट मरतात असेही त्याने लिहून ठेवले. कारणे दोन. त्यांना शिजवलेला भात आणि मांस खायला घालतात, आणि त्यांची निगा राखणारे जाणकार नाहीत. त्याच काळातला इराणी इतिहासकार वस्साफ हाच प्रकार थोड्या फरकाने सांगतो. घोड्यांना साध्या जवाऐवजी भाजलेले जव, लोण्यात परतलेले दाणे आणि उकळलेले गायीचे दूध देतात म्हणून तो हळहळतो.

आपल्या महाराष्ट्रातला साक्षीदार आहे अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी. १४७० च्या आसपास तो एक उमदा घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला. त्या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्च झाले होते. जुन्नरला पोचल्यावर तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल तर परत देतो असे सांगितले. एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने तो घोडा त्याला परत मिळाला. जुन्नरच्या पावसाळ्यात अडकलेल्या या माणसाने इथले लोक घोड्यांना काय खायला घालतात हे टिपून ठेवले आहे. हरभरा, आणि साखर व लोणी घालून शिजवलेली खिचडी. रेवदंड्याला गेलात तर निकितिनचे स्मारक आहे, ते जरूर पाहा.

खिचडीत साखर-लोणी घालणारे ते मोतद्दार काही घोड्यांचे वैरी नव्हते. परदेशातून आलेले ते महागाचे जनावर. त्याला उत्तमातले उत्तम द्यावे ही त्यांची भावना, आणि उत्तम म्हणजे आपल्याला जे उत्तम वाटते ते. २००६ साली आम्ही दुसरे काय केले?

नवमीची ओवाळणी

मग सणाच्या दिवशी घोड्याचा मान कसा राखावा? याचे उत्तर फार जुन्या ग्रंथात सापडते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र अध्याय आहे. घोड्याचा खुराक त्यात मापाने दिला आहे. उत्तम घोड्याला दोन द्रोण धान्य, मध्यम आणि कनिष्ठ घोड्याला त्याहून कमी, मीठ किती, तेल किती, दाणा ओला करायला दही किंवा रस किती, नुकत्याच व्यालेल्या घोडीला तूप किती दिवस. मांस आणि मद्यही त्या यादीत आहे. आजचे पशुवैद्य ते मान्य करणार नाहीत. पण प्रत्येक वस्तूला माप आहे, हे महत्त्वाचे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी आश्विनाच्या नवव्या दिवशी घोड्यांचे नीराजन करावे असे सांगितले आहे. नीराजन म्हणजे दिव्यांनी ओवाळणे, शांतिकर्म करणे. मोहिमेला निघताना, मोहिमेहून आल्यावर आणि आजारपणातही ते करावे.

आश्विनाचा नववा दिवस म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रे पुजायची आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, घोडी धुऊन सजवून सीमोल्लंघनाला न्यायची. माझा तर्क असा आहे की दसरा हा घोड्याच्या मेजवानीचा दिवस असूच शकत नव्हता. चार महिने छावणीत उभे असलेले जनावर दुसऱ्या दिवसापासून मजल मारणार. त्या वेळी त्याच्या पोटात पक्वान्ने भरली तर मोहीम तिथेच संपायची. म्हणून दिवा, फुले, झूल, पण तोबरा रोजचाच.

घोड्याच्या या शास्त्राची एक मराठी कडी सांगण्यासारखी आहे. बंगळूरहून एकोजीराजे तंजावरला गेले आणि तिथे मराठ्यांचे राज्य झाले. त्या राजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयातून नकुलाच्या नावावर असलेले 'अश्वशास्त्र' १९५२ मध्ये सचित्र छापले गेले. पांडवांतला नकुल हा घोड्यांचा जाणकार, म्हणून त्याच्या नावाने हे शास्त्र चालत आले.

घोडा का अडला?

लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेले कोडे आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. हे कोडे मी त्या पशुवैद्यांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत, म्हणाले, "हे तर आमच्या पुस्तकात आहे." इंग्लंडमध्ये गाडीला जुंपल्या जाणाऱ्या घोड्यांना एक दुखणे होई, त्याला ते सोमवार सकाळचे दुखणे म्हणत. आठवडाभर राबणाऱ्या घोड्याला रविवारी सुटी असे, पण दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच मिळे. सोमवारी जुंपला की थोड्याच अंतरावर त्याचे मागचे स्नायू लाकडासारखे ताठत आणि तो जागीच अडे. उपाय साधा होता. सुटीच्या दिवशी दाणा कमी करायचा, चारा ठेवायचा आणि जनावराला थोडे फिरवायचे.

माणसाच्या सणाचा नियम याच्या नेमका उलटा आहे. सुटी म्हणजे आराम आणि जास्त खाणे. आपला नियम आपण घोड्याला लावतो, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

माउलींच्या अश्वाची माती

मान आणि खाणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात याचे जिवंत उदाहरण आपल्याच कर्नाटकातले आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातील अंकली हे शितोळे सरदारांचे गाव. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातले अश्व या अंकलीहून पायी चालत आळंदीला जातात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासून शितोळे घराण्याचा हा मान आहे. दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात हे अश्व धावतात आणि धावून झाले की हजारो वारकरी काय करतात? ते घोड्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात.

मी एकदा वाखरीच्या रिंगणाला हे पाहिले आणि मला २००६ ची आठवण झाली. आम्ही घोड्याला द्यायला धावलो होतो. वारकरी घोड्याकडून घ्यायला धावतात, आणि घेतात तेही धुळीची चिमूट.

गणपतीच्या ताटातच आहे

आता कोणी म्हणेल, मग घोड्याला सणाचे काहीच द्यायचे नाही का? द्यायचे. आणि ते आपल्या गणपतीच्या पूजेच्या ताटातच आहे. दूर्वा. आपण ज्या गवताची एकवीस पात्यांची जुडी बाप्पाला वाहतो, ते हरळीचे गवत घोड्याच्या उत्तम चाऱ्यांपैकी एक आहे. बाप्पाला प्रिय तेच त्याला प्रिय, इतका सोपा हा योग आहे.

मात्र त्याच ताटात घोड्याचे मरणही आहे. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्ये कण्हेर, रुई आणि धोत्रा येतात. कण्हेरीची मोजकी पाने घोड्याचे हृदय बंद पाडायला पुरेशी होतात, आणि ती वाळली तरी विष जात नाही. रुईचा चीकही हृदयावरच घाला घालतो. धोत्र्याने आतड्यांची हालचाल थांबते. म्हणून निर्माल्याची टोपली घोड्याच्या तोंडाजवळ कधीही ठेवू नये आणि त्याच्या गळ्यात घालायच्या हारात कण्हेरीची फुले नसावीत. वाहिलेल्या दूर्वाही देऊ नयेत, कारण त्यांना शेंदूर लागलेला असतो आणि जुडीला दोरा असतो. ताज्या, धुतलेल्या, सुट्या दूर्वा द्याव्यात. हिरवळ कापण्याच्या यंत्रातून निघालेला बारीक गवताचा ढीग तर मुळीच नको. तो चटकन आंबतो आणि न चावता गिळला जातो.

यंदा घोडा आणायचाच असेल तर पशुवैद्यांशी बोलून मी काढलेले नियम असे आहेत. ते मंडपात फळ्यावर लिहावेत.

१. घोड्याच्या मालकाला विचारल्याशिवाय कोणीही काही भरवू नये. तो "बस" म्हणाला की बस.

२. भरवण्यासाठी एकच ताट आणि ताटाजवळ एकच माणूस. दोनशे जणांनी एकेक घास दिला तर घोड्याच्या पोटात दोनशे घास जातात.

३. ताटात ताज्या दूर्वा, आणि गाजराचे बोटाएवढे उभे लांब तुकडे. गोल चकत्या नकोत, त्या घशात बसतात. सफरचंद दिले तर बिया काढून बारीक फोडी करून, दिवसभरात एखादेच. केळ्याचे दोन-चार तुकडे चालतील. गूळ मालकाने हो म्हटले तर सुपारीएवढा, एकदाच.

४. मोदक, लाडू, पेढे, पुरणपोळी, पाव, भात, कोरडी डाळ, कोबी, बटाटा, कांदा आणि चॉकलेट वर्ज्य. चॉकलेटातली द्रव्ये हृदयाची धडधड वाढवतात. शर्यतीच्या घोड्याच्या तपासणीत ती सापडली तर तो बाद होतो.

५. भरवताना तळहात सपाट, अंगठा आत. घोड्याला तोंडापुढचे दिसत नाही, तो ओठांनी चाचपून घेतो.

६. दर तासाला सावली आणि स्वच्छ पाणी, मधून मधून त्याची नेहमीची वैरण. ढोल-ताशे आणि फटाके त्याच्यापासून लांब.

७. घोडा जमीन उकरू लागला, कुशीकडे पाहू लागला, लोळू लागला किंवा त्याची लीद थांबली, तर खाणे ताबडतोब बंद करून पशुवैद्यांना बोलवावे. त्यांचा फोन आधीच घेऊन ठेवावा. घरगुती औषध तोंडात ओतू नये, ते फुफ्फुसात जाऊ शकते.

त्या घोड्याचे काय झाले

त्या रात्री पशुवैद्यांनी नाकातून नळी घालून पोटातला वायू आणि पाणी काढले, तेल सोडले, दुखण्यावर इंजेक्शन दिले. पहाटे चारच्या सुमारास घोड्याने लीद टाकली, तेव्हा घोडेवाल्याने त्याच्या मानेवर कपाळ टेकले. आम्ही चौघे समाधानाने घरी आलो. औषधाचे पैसे मंडळाने दिले आणि अहवालात ती ओळ 'किरकोळ खर्च' या सदरात गेली.

तिसऱ्या दिवशी घोड्याचे पुढचे खूर तापले. त्याला पाऊल टाकवेना. हे मला कळले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. हारांसाठी सिटी मार्केटला गेलो असताना घोडेवाला भेटला. तो हमाली करत होता. घोडा गोठ्यात उभा होता, मागच्या पायांवर भार देऊन. लग्नसराईच्या सगळ्या वरातींची आगाऊ रक्कम त्याने परत केली होती. मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "आप लोगों ने प्यार से खिलाया साब." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. घोडा पुन्हा वरातीला उभा राहिला नाही.

शिलेदाराचा घोडा गेला की त्याची चाकरी जाते, हे मी भाषणात किती वेळा सांगितले असेल. सतराव्या शतकातला शिलेदार मला दिसत होता. आपल्या मिरवणुकीत लगाम धरून चालणारा शिलेदार दिसला नव्हता.

म्हणून बैठकीत मी टाळ्या वाजवल्या नाहीत. घोडा आणू नये असे माझे म्हणणे नाही. मुलांनी घोडा जवळून पाहावा, त्याच्या मानेवरून हात फिरवावा, तोबरा कशाला म्हणतात हे त्यांना कळावे, असे मलाही वाटते. फक्त दोन गोष्टी कराव्यात. घोडेवाल्याच्या भाड्याबरोबरच त्या दिवसासाठी पशुवैद्याची सोय अंदाजपत्रकात वेगळी धरावी. आणि ताटाजवळच्या त्या एका माणसाची जागा मला द्यावी. बंगळूरच्या कोणत्याही बागेत दूर्वा मिळतात. त्या आदल्या संध्याकाळी मीच निवडून, धुऊन ठेवीन.

गणपती बाप्पा मोरया!